तार सुटलेलं ताक

वस्ताद दादासोंच्या कार्डाला बापूसोंनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. 'तालमीतल्या ताकाला तार सुटतीय, पोरं आजारी पडत्यात. तुमी वाचणारं माणूस, कारण कळवा.' कारण आजऱ्यात बसून बापूसोंना लगेच उमगलं होतं. ताकाचं मडकं धुतलं की बळ जातं म्हणून पहिलवान ते कधीच धूत नसत आणि तळाच्या ताकाचंच विरजण लावत, त्यामुळं जुनी नासकी रोज नव्या ताकात उतरत होती. पण आपण कोण शिकवणारे, असं त्यांना वाटलं.

शेवटी तोंडी सांगायला ते शिवाजी पेठेतल्या त्या तालमीत गेले, तर ताक घुसळणाऱ्या हुसेनला चौघा पहिलवानांनी आखाड्याच्या मातीत दाबलं होतं.

"काय कालवलंस ताकात? बोल की."

"अल्लाची आण वस्ताद, काय न्हाय."

दादासोंनी त्याचा हात पाठीमागं पिरगळला. दारातल्या बापूसोंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. कोपराचं हाड कडाडलं आणि हुसेन गुरासारखा हंबरला.

बापूसोंनी पोस्ट गाठलं. दादासोंना कार्डावर लिहिलं, 'दोष न धुतलेल्या मडक्याचा आणि विरजणाचा आहे. हुसेन निर्दोष आहे. हे मला तुमचं कार्ड आलं तेव्हाच ठाऊक होतं, आणि आज मी दारात गप्प उभा होतो.' खाली पूर्ण नाव घालून त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.