कृपेच्या समुद्रात गळ

माझा धाकटा भाऊ तायस्तो आमच्या गावात शाळेची बस चालवतो. गेल्या आठवड्यात ती बस आमच्या कुंपणापाशी चरात गेली आणि बसमधल्या, शेजारच्या घरातल्या छोट्या औनेचा हात मोडला. सगळे म्हणाले, बर्फ. तायस्तोच्या अंगाला वास येत होता, तर म्हणाले, काच धुवायचं पाणी सांडलं असेल. त्यांचंही काय चुकलं? आमच्या पंथात दारू घरात येत नाही, तिचा वास कोणाला ठाऊक असणार! मी मात्र तरुणपणी औलू शहरातल्या हॉटेलात खोल्या झाडल्यात.

रविवारी प्रार्थनाघरात तो माझ्यापाशी आला आणि गळ्यात हात टाकून रडला.

"केर्तू, मी प्यायलो होतो गं. मला क्षमा मिळेल का?"

आमच्यात क्षमा कोणीही देऊ शकतं, आणि याला एकच उत्तर असतं. मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, "येशूच्या नावानं आणि रक्तानं तुझी पापं माफ झाली, विश्वास ठेव." अगदी मनापासून म्हटलं. लहानपणी त्याला मीच न्हाऊ घातलंय.

आणि तिथेच माझी पंचाईत झाली. एकदा माफ झालेलं पाप आमच्यात पुन्हा तोंडातून काढायचं नसतं. कृपेच्या समुद्रात बुडालेल्या पापावर गळ टाकू नये, असं आमचे म्हातारे सांगतात. सोमवारी बघते तर बस दुरुस्त होऊन आलेली, आणि तायस्तो शिट्टी वाजवत ती पुसतोय. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मुलं नेणार होता. माझं डोकंच फिरलं.

"किल्ली दे."

"कसली?"

"बसची. आणि चल पोलिसांत. तूच सांग सगळं."

"अगं, काल तर माफ केलंस!"

"केलं ना. लागलं तर आज पुन्हा करते. किल्ली दे."

किल्ली दिली नाहीच. तडक गेला आमच्या उपदेशक उल्यासकडे. संध्याकाळी उल्यास माझ्या स्वयंपाकघरात हजर.

"केर्तू, समुद्रात गळ टाकतेस?"

"पाप राहू दे समुद्रात. बस रस्त्यावर आहे."

"मग क्षमेला अर्थ काय उरला?"

"औनेच्या आईला विचारू या? तिनं बर्फाला माफ केलंय. माझ्या भावाला नाही. तिला बिचारीला माहीतच नाही."

उल्यास कॉफी तशीच टाकून उठला. दारात म्हणाला, "गावात तुला कोणी विचारणार नाही, बघ."

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. इथे माणसांनी पाठ फिरवली तर बोलायला रेनडियरच उरतात. तरी सकाळी लवकर तायस्तोच्या दारात गाडी उभी केली. म्हटलं, "येतोस तर दोघं जाऊ. नाही तर मी एकटी जाते."

आला. वाटभर खिडकीकडे तोंड करून बसला.

ठाण्यात काचेमागच्या पोलीस पोरीने विचारलं, "तुम्ही तक्रार द्यायला आलात, की यांच्या सोबतीला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तायस्तो मागे बाकावर बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण थोडा सरकला आणि मला बसायला जागा करून दिली.