फळ्यावरचा तळवा

कुटाइसी शहरातल्या त्या शाळेत गणिताचे उत्तर फळ्यापाशी उभे राहूनच द्यावे लागे. आज नेस्तान नापास झाली, तर संध्याकाळपासून तिचे ज्युदो बंद. आईने सकाळी इस्त्री करता करता, आवाज न चढवता तसे बजावले होते.

गणिताच्या शिक्षिका त्सियाला मास अगदी तिच्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या.

“पुढे?”

अपूर्णांकांच्या भागाकाराची पहिली ओळ लिहून झाली होती. दुसरी सुचेना.

“गृहपाठ तर बरोबर होता गं तुझा. की आईनं केला?”

मागून कुणीतरी हसले. नेस्तानचे कान तापले. ज्युदोच्या गादीवर प्रतिस्पर्ध्याची पकड गळ्याशी आवळत जाते, तेव्हा अडतो तसा श्वास अडला; आणि तिच्या नकळत तिचा तळवा फळ्यावर दोनदा थपथपला.

त्सियाला मास यांनी फळ्याकडे पाहिले.

“फळा आपटतेस? माझ्यासमोर?”

“आपटला नाही, मास,” पहिल्या बाकावरून वाखो म्हणाला. तो तिच्याच ज्युदोच्या वर्गातला. “शरण आली ती. असा हात वाजला की समोरच्यानं सोडायचं असतं. नाही सोडलं, तर आमचे ज्युदोचे शिक्षक मुर्मानकाका गादीवरून हाकलतात.”

“म्हणजे मी हिचा गळा धरलाय?”

वाखोने मान खाली घातली. “थोडासा.”

या वेळी कुणी हसले नाही. आता सगळे संपले, असे नेस्तानला वाटले. तरी ती जागची हलली नाही. पकड सुटल्यावर पळायचे नसते. उठायचे, कपडे सारखे करायचे, वाकायचे आणि पुन्हा भिडायचे. मुर्मानकाकांनी हे कधी बोलून शिकवले नव्हते, रोज करून घेतले होते. तिने स्वेटर खाली ओढला आणि ती किंचित वाकली.

“पहिल्यापासून करते, मास. फक्त जरा मागे सरा.”

त्सियाला मास यांचे ओठ घट्ट मिटले. मग त्या टेबलापर्यंत मागे गेल्या. बसल्या मात्र नाहीत.

“कर.”

नेस्तान एकेक पायरी मोठ्याने म्हणू लागली आणि मध्येच थांबली. “पहिला अपूर्णांक उलटा केला मी. करायचा होता दुसरा.” तिने ओळ पुसली, नव्याने लिहिली. उत्तर आले.

“दुसराच का?”

“ते माहीत नाही, मास.”

“उद्या सांगायचं.” त्यांनी पेन उचलले. “आज पास. जेमतेम.”

नेस्तान बाकाकडे परतली, तसा वाखो पुटपुटला, “संध्याकाळी गादीवर मी नाही हं सोडणार.”

“आधी धरून तर दाखव.”