ओचं पोट

आम्ही सरोवराकाठच्या डुलुथच्या गोदीवर पत्र्यात अक्षरं कापतो आणि त्यावरून रंग मारून बोटींवर नावं घालतो. इंग्रजी ओ कापताना मधली चकती दोन पट्ट्यांनी धरून ठेवावी लागते, नाहीतर ती गळून पडते. या पट्ट्यांना आम्ही पूल म्हणतो; त्यांच्याखाली रंग लागत नाही, म्हणून रंगवलेल्या ओत दोन फटी राहतात. आमच्यातल्या वेंडेल हाउगच्या डोळ्यांत हे पूल खुपायचे. त्याने नुसत्या वर्तुळा-चौकोनांतून नवी अक्षरं आखली आणि पूल साफ उडवले. भाऊ आर्विडच्या ‘सोल्वेग’ बोटीवर त्याने ती रंगवली, तेव्हा ओची भरीव काळी टिकली झाली.

“अरे शहाण्या, ओचं पोट कुठे गेलं?” मी विचारलं.

“म्हाताऱ्या, तुला नवं काही पचतच नाही,” तो म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी आर्विड त्या बोटीतून मासे घेऊन परतला. बोटीच्या गोल खिडक्या बुजल्या होत्या. डब्यातल्या डोनटची भोकंसुद्धा भरली होती. हाक मारायला त्याने ओठ उघडले, तर आत नुसती गुळगुळीत कातडी. नाकपुड्याही मिटत चालल्या होत्या.

वेंडेलने ती टिकली नखांनी खरवडली आणि माझ्या जुन्या पत्र्यावरून पुलांसकट ओ काढला. आर्विडने श्वास घेतला.

“वें… डे… ल, गा… ढ… वा,” तो म्हणाला.

तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शब्दात दोन फटी पडतात. त्यांना कान लावला, तर आत सरोवराचं पाणी हलताना ऐकू येतं.