चूक, पुन्हा ऐक

तीन नंबरची भट्टी आज कायमची विझवायची होती. एक आणि दोन नंबरच्या मागच्याच आठवड्यात थंड झाल्या होत्या. कारखाना म्हातारा झाला, दुसरीकडे नवा उभा राहिला, म्हणून इथला गाशा गुंडाळायचं ठरलं. शेवटच्या दिवसपाळीला दोन सख्ख्या भावांची नावं लागली. थोरला पॅनलवर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या पडद्यांसमोर. धाकटा बाहेर, भट्टीपाशी. मध्ये दोनशे पावलांचं आवार, एक जाड काच, आणि दोघांच्या हातात एकेक वॉकीटॉकी. कारखान्यात त्याला सगळे नुसतं सेट म्हणत.

या दोघा भावांमध्ये नऊ वर्षं अबोला होता.

राहायला एकाच जिन्यावर, दारासमोर दार. दोन्ही घरच्या बायका वाट्या इकडून तिकडे करायच्या, मुलं एकमेकांच्या घरात वाढली, पण हे दोघे जिन्यात समोरासमोर आले तर एकजण भिंतीकडे सरकायचा आणि दुसरा खिशात किल्ली शोधायचा. बोलणं व्हायचं ते फक्त सेटवर, आणि तेही भट्टीचं. कारखान्यात मात्र त्यांच्यासारखी जोडी नव्हती. फोरमन म्हणायचा, "बाकीचे सेटवर सासुरवाडीच्या गप्पा मारतात. हे दोघं बोलत नाहीत, म्हणून कामाचं तेवढंच बोलतात!" फोरमनला सगळे भोंगा म्हणत, कारण खरं तर त्याला सेटची गरजच नव्हती.

सकाळी डबा हातात देताना थोरल्याची बायको दार अडवून उभी राहिली.

"उद्या समोर ट्रक लागणार आहे. सामान बांधून झालंय. भाऊजी लेकीकडे चालले ते कायमचे."

"माहीत आहे."

"मग आज काय पोटात आहे ते ओकून टाका."

"बघू."

"नऊ वर्षं बघताय. उद्यापासून बोलायचं मनात आलं तरी कोणत्या यंत्रावर बोलणार?"

थोरला पायऱ्या उतरला. समोरच्या दाराबाहेर दोरीने बांधलेली खोकी एकावर एक रचली होती. सगळ्यांत वर आईची लाकडी पेटी होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. आई धाकट्याकडेच राहायची.

दोघांनी या भट्टीवर एकतीस वर्षं काढली. कच्च्या तेलातून निघालेला पातळ नाफ्था वाफेबरोबर भट्टीतल्या नळ्यांतून जायचा. बाहेरून आग लागून नळ्या केशरी व्हायच्या आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आतल्या नाफ्थाचे बारीक तुकडे पडायचे. त्यातून इथिलीन निघे, ज्याचं पुढे प्लास्टिक होई. मागे जे तेल उरे त्यातून बेंझिन काढत. हे सगळं एकदा धाकट्याने आईला समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "सगळं जग काही ना काही जोडून पोट भरतं, आणि माझे दोघे तोडून पगार घेतात."

दर दोन महिन्यांनी त्या नळ्यांना आतून कोळशाची खपली धरायची. मग नाफ्था थांबवून नळ्यांत वाफ आणि बेतानं हवा सोडायची, आणि खपली जाळून काढायची. हवा थोडी जरी जास्त झाली तरी खपली भडकते आणि नळीलाच भोक पडतं. पडद्यावरचा आकडा हे जरा उशिरा सांगतो. भट्टीच्या भिंतीतल्या झरोक्यातून बघणाऱ्या माणसाच्या डोळ्याला ते आधी कळतं. धाकट्याला नळीचा रंग असा कळायचा की तो "पिवळी पडतेय" म्हणाला की थोरला आकडा न बघता हवा कमी करायचा.

आणि एक रीत होती. सेटवर निरोप दिला की ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा, शब्द न गाळता. बरोबर असेल तर सांगणाऱ्याने "बरोबर" म्हणायचं. नसेल तर "चूक, पुन्हा ऐक." एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस मरतो, म्हणून ही रीत. थोरल्याने तिच्यात कधी कुणाला सूट दिली नव्हती. एकदा साहेबांनाच "चूक, पुन्हा ऐका" म्हणाला होता, तो किस्सा अजून सांगत.

नऊ वर्षांपूर्वी असंच खपली जाळायचं काम चाललं होतं. दुपारचे पावणेचार. पॅनलवरचा फोन वाजला. पलीकडून ताई, दोघांच्या मधली बहीण.

"आईचं काही खरं नाही. सारखं बारक्या, बारक्या चाललंय. त्याला लगेच पाठव."

"आणि मला?" थोरल्याने विचारलं.

"तू पण ये. पण त्याला आधी पाठव रे."

त्याने फोन ठेवला. तेवढ्यात सेटवर धाकट्याचा आवाज आला. "पॅनल, सातवी नळी पिवळी पडतेय." थोरल्याने हवा कमी केली. नळीचा रंग उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. भोंगा शेजारच्या खोलीत चहा पीत होता. एक हाक मारली असती तर तो झरोक्याशी जाऊन उभा राहिला असता. थोरल्याने हाक मारली नाही. पडद्याकडे बघत बसला. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने सेट उचलला आणि सांगितलं, "आईला बरं नाही. घरी जा."

धाकटा धावत गेला. आई चार वाजता गेली होती.

आठवड्याने जिन्यात धाकट्याने त्याला थांबवलं. "दादा, ताईचा फोन किती वाजता आला?"

"आला तसा सांगितला तुला."

धाकट्याने घरात जाऊन दार लावून घेतलं. ताईने त्याला वेळ आधीच सांगितली होती, हे थोरल्याला नंतर कळलं. त्या दिवसापासून धाकट्याच्या तोंडी थोरला "दादा" राहिला नाही, नुसता "पॅनल" झाला.

आज नाफ्था सकाळीच बंद केला होता. नळ्यांत नुसती वाफ होती, आणि चोवीस बर्नर जोडीजोडीने विझवत आणायचे होते. घाई केली तर विटा तडकतात. तशा आता तडकल्या तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं, पण दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

"भट्टी तीन, पॅनल. पाच आणि सतरा नंबर बर्नर बंद कर."

"पाच आणि सतरा नंबर बर्नर बंद करतो."

"बरोबर."

दर जोडीला थोरला ठरवायचा, आता बोलू. बटणावर अंगठा जायचा आणि तोंडातून पुढच्या बर्नरचा नंबर निघायचा. जीभच रेटेना. दहा जोड्या झाल्या, अकरा झाल्या. भोंगा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "लेकीच्या लग्नात पाठवणीलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता रे मला."

दुपारी दोन वाजता शेवटची जोडी राहिली.

"बारा आणि चोवीस नंबर बर्नर बंद कर."

"बारा आणि चोवीस नंबर बर्नर बंद करतो."

"बरोबर."

थोड्या वेळाने सेट खरखरला. "पॅनल, भट्टी तीन. सगळे बर्नर बंद. झरोक्यातून बघितलं. नळ्यांवर रंग नाही."

"सगळे बर्नर बंद. झरोक्यातून बघितलं. नळ्यांवर रंग नाही," थोरल्याने परत म्हटलं.

"बरोबर," धाकटा म्हणाला.

भोंग्याने गुडघ्यांवर हात टेकले. "चला, संपलं. सेट जमा करा."

काचेतून भट्टीच्या पायथ्याशी धाकट्याचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. ते फाटकाच्या बाजूला वळायला लागलं. थोरल्याने बटण दाबलं.

"भट्टी तीन, पॅनल. निरोप आहे. परत म्हण."

हेल्मेट थांबलं. "बोल, पॅनल."

"ताईचा फोन पावणेचारला आला होता. मी तुला चार दहाला सांगितलं."

भोंग्याने कप खाली ठेवला. सेटमध्ये नुसती खरखर. मग धाकट्याचा आवाज आला, बर्नरचे नंबर म्हणावेत तसा.

"ताईचा फोन पावणेचारला आला होता. तू मला चार दहाला सांगितलंस."

"बरोबर." थोरल्याने पुन्हा बटण दाबलं. "भोंगा शेजारच्या खोलीत होता. त्याला झरोक्याशी उभं करता आलं असतं."

"भोंगा शेजारच्या खोलीत होता. त्याला झरोक्याशी उभं करता आलं असतं."

"बरोबर."

आता एकच उरलं होतं. नऊ वर्षं रोज अंथरुणावर पडल्यावर छातीवर येऊन बसायचं ते. बायकोलाही त्याने ते कधी सांगितलं नव्हतं.

"आई तुझं नाव घेत होती. माझं नाही. मी तुला भट्टीसाठी थांबवलं की त्या नावापायी, मला माहीत नाही."

हेल्मेट जागचं हललं नाही. भट्टीच्या धुराड्यावर गरम हवा थरथरत होती, तीही आता कमी होत चालली होती. मग सेट खरखरला.

"आई माझं नाव घेत होती. तुझं नाही." धाकटा थांबला. पुढचं तो हळू, एकेक शब्द ठेवत बोलला. "तू मला भट्टीसाठी थांबवलंस."

थोरल्याचा अंगठा आपसूक बटणावर गेला. एकतीस वर्षांची सवय होती.

"चूक. पुन्हा ऐक. भट्टीसाठी की त्या नावापायी, मला माहीत नाही."

तिकडे धाकट्याने हेल्मेट काढलं. केस पार पांढरे झालेले. थोरल्याने ते इतके नीट कधी पाहिले नव्हते, कारण जिन्यात तो खिशात किल्ली शोधत असायचा. धाकट्याने बाहीने तोंड पुसलं आणि सेट तोंडाशी नेला.

"तू मला भट्टीसाठी थांबवलंस की त्या नावापायी, तुला माहीत नाही."

"बरोबर," थोरला म्हणाला.

"समजलं, पॅनल. सेट बंद करतोय."

खट्‌ झालं, आणि खरखरही थांबली.

धाकटा फाटकाशी गेला. तिथल्या खोक्यात त्याने सेट ठेवला, वहीत सही केली, हेल्मेट खुंटीला अडकवलं. मागे वळून पाहिलं नाही. पडद्यावर भट्टीचा आकडा सावकाश उतरत होता.

भोंग्याने खुर्ची जवळ ओढली. बोलला तेव्हा इतका हळू बोलला, की हा त्याचाच आवाज का, असं वाटावं.

"एक विचारू? एवढ्या वर्षांत धाकट्याने निरोप कधी चुकीचा परत म्हटला होता का रे? मला तर आठवत नाही."

थोरल्यालाही आठवलं नाही. पाऊस असो, वाफेचा कानठळ्या बसवणारा आवाज असो, अंगात ताप असो, धाकटा एका शब्दाने चुकला नव्हता. ताईचा फोन, भोंगा, झरोका, सगळं त्याने आजही शब्द न गाळता परत म्हटलं होतं. चुकला तो एकदाच, आणि तेही थांबून, विचार करून.

थोरल्याने सेट उचलला. बटण इतकं दाबलं की नख पांढरं पडलं.

"बारक्या," तो म्हणाला. "बारक्या, चूक नव्हती ती. चूक नव्हती रे."

परत म्हणायला पलीकडे कुणी नव्हतं. भोंग्याने सेट जमा करण्यासाठी हात पुढे केला, तो थोडा वेळ तसाच ठेवला आणि मागे घेतला.