उजव्या हाताचा ताल

यवतमाळच्या मिशन कंपाउंडातल्या चर्चमध्ये ढोलकी चुकीची वाजत होती, एवढ्या एका कारणावरून सेवादास आत शिरला. आम्ही दोघं कंपाउंडाच्या भिंतीला लागून एका खोलीत राहायचो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. मी बाभुळगावाकडचा कुणबी, किसनरावांचा वामन. तो आमच्या शिवारापलीकडच्या तांड्यावरचा बंजारा, धरमसिंगचा धाकटा. रविवारी सकाळी तो अंथरुणात उठून बसायचा आणि दात खायचा.

"कोण बे हा? ढोलकी वाजवून राह्यला का कुत्रं हाकलून राह्यला?"

तिसऱ्या रविवारी तो उठला, बनियनवर सदरा अडकवून गेला आणि वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या मांडीवरची ढोलकी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. म्हातारा सुटल्यासारखा बाजूला सरकला.

बाप्तिस्मा वगैरे काही नाही. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे तेव्हा हा ढोलकीच्या कड्या ओढून घ्यायचा. पण गाणं सुरू झालं की तांड्यावरच्या होळीचा ठेका येशूच्या गाण्याखाली घालायचा, आणि जन्मभर पाय जुळवून बसलेल्या मागच्या बाकांवरच्या बायांच्या टाचा हलायला लागायच्या. गायनाचं सगळं विमलताई बघायच्या, मिशनच्या शाळेतल्या बाई. त्या मान वळवून टाचांकडे बघायच्या, मग सेवादासकडे, आणि गप्प राहायच्या. बाक भरत होते.

नाताळात गायनमंडळ नागपूरला निघालं. मी ढोलकीची पिशवी धरायला म्हणून फुकट गेलो. नागपूरच्या बसस्टँडवर उतरलो तोच तिघांनी आम्हाला घेरलं. त्यांच्या बसायच्या जागेवर ढोलकी ठेवली, हे निमित्त. एकानं ढोलकीला लाथ मारली. सेवादास ढोलकीवर पालथा पडला, दोन्ही हात काखेत घातले आणि तसाच राहिला. त्यांनी त्याला लाथांनी तुडवला. पाठीत, बरगडीत, मानेवर. मी पानठेल्यामागून मोजत होतो. सतरा. अठराव्याला विमलताई छत्री उगारून धावल्या तेव्हा ते हसत निघून गेले.

"एक तरी हानायची होती बे," मी नंतर म्हणालो.

"हात तुटला असता तं?" त्यानं थुंकी टाकली, तीत रक्त होतं. "पाठीनं कोणी वाजवते का?"

त्या संध्याकाळी सुजलेल्या बरगडीनं त्यानं असं वाजवलं की तिथल्या मोठ्या चर्चचे गायनवाले उठून जवळ येऊन बसले. ईस्टरच्या पहाटे नागपुरात मैदानावर सगळ्या चर्चांची मिळून उपासना असते. त्यांनी सांगितलं, त्यात वाजव. जमलं तर आमच्या वसतिगृहात जागा, जेवण, आणि बी.ए. नागपुरातच.

झालं. तेव्हापासून सेवादास विहिरीचा दोर ओढेना, कांदा चिरेना, स्टोव्हला पिन लावेना. बोट भाजेल म्हणे. त्याचे हात नागपूरला गेले आणि खोलीतली भांडी माझ्याकडे आली. हे मी विसरलो नाही. कोणी माझ्यावर काय लादलं ते ध्यानात ठेवायची मला खोड आहे, आणि परतफेड मी चेष्टेत करतो.

त्या वर्षी, चौसष्ट साली, होळी आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी आले. परवा रविवारी ईस्टर. गायनमंडळाची बस शनिवारी संध्याकाळी. आणि नेमकं सेवादासला तांड्यावर जाणं भाग होतं, कारण त्याचा मोठा भाऊ देवसिंग याला पहिला मुलगा झाला होता. होळीला त्याची धुंड होती. म्हणजे पोराला मांडीवर घेऊन बसायचं आणि तांड्यातल्या गड्यांनी त्याच्या डोक्यावर आडवी धरलेली काठी आपापल्या काठ्यांनी बडवायची. सख्खा काका नसला तर तांडा नावं ठेवतो.

त्याआधीच्या बाजाराच्या दिवशी बाभुळगावात तांड्याचे नायक डोंगरसिंग भेटले. मिशा पिळत म्हणाले, "वामन, आमचा पोरगा चर्चात वाजवते म्हणे? वाजवू दे. होळीले मात्र आला पाहिजे." एवढंच. खोलीवर आलो तर घासायची भांडी तशीच पडलेली, आणि सेवादास पालथ्या पातेल्यावर बोटं नाचवत होता.

मी म्हणालो, "नायक भेटले होते. लय तापले हायेत. म्हणे, येऊ दे होळीले. बायांच्या काठ्या मोकळ्याच असतात. मनगटं फोडून टाकतो, मंग वाजव म्हणा येशूपुढं."

त्याची बोटं थांबली. "खरं म्हनतं?"

"मले काय करायचं खोटं बोलून?" म्हणालो, आणि भांडी उचलून विहिरीवर गेलो. तिथं मला मनातल्या मनात हसूही आलं.

*

मीही सेवादासबरोबर गेलो. तांड्यावर होळी पहाटे पेटते. शनिवारी उजाडता उजाडता ती जळून राख झाली होती. धुंड झाली, पोरगं एवढ्या खडखडाटात रडलंसुद्धा नाही. मग खुंटा रोवला. ज्या घरी पोरगा झाला त्या घरचं गोडधोड एका हंड्यात भरून तो हंडा खुंट्याला बांधतात. बाया ओल्या काठ्या घेऊन त्याची राखण करतात, गड्यांनी तो पळवायचा. बाया मारतात, अगदी खरंच मारतात. गड्यानं आपली काठी आडवी धरून वार झेलायचे. उलटा वार करायचा नाही, तो कोणी कधी केलेला नाही. आणि पोराची आई सगळ्यात जास्त मारते ती आपल्या दिराला. ते वळ तो आठ दिवस सदरा काढून दाखवत फिरतो. ज्याच्या पाठीवर वळ नाही, त्याच्यावर भोजाईचा जीव नाही, असं समजतात.

हे सगळं मला सेवादासनंच सांगितलं होतं.

डफ घुमायला लागले. गडी काठ्या घेऊन पुढे झाले. सेवादास काठी न घेताच आला. दोन्ही मनगटांना त्यानं फडकी गुंडाळली होती आणि हात काखेत.

"कायले आला बे असा?" कोणीतरी ओरडलं. "बांगड्या लपवतं का?"

हंसाबाई, त्याची भोजाई, पदर खोचून खुंट्यापुढे उभी होती. तिच्या हातात सगळ्यात जाड काठी. वर्षभरानं दीर आला म्हणून ती फुलली होती. "या शहरवाले," ती म्हणाली, "हात कुठं ठेवले? गहाण?" आणि पहिली काठी त्याच्या मांडीवर बसली. दुसरी पोटरीवर. सेवादास उड्या मारत होता, हात काखेतच. बाकीचे हसत होते. माझंही तोंड हसत होतं.

"हात काढ रे! काठी घे!" ती ओरडली.

"नाई!"

"भोजाईपुढं हात नाई काढत? थांब!" तिसरी काठी दंडावर बसली. तिला त्याचे हात काखेतून सोडवायचे होते. मागून नायक डोंगरसिंग टाळ्या वाजवत ओरडले, "हान हंसा, हातावर हान! काढून घे हात!"

सेवादासनं वळून नायकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी एक शब्द बोलायला हवा होता. मी शेजारच्या माणसाच्या खांद्यामागे सरकलो.

हंसाबाईची काठी मनगटाच्या फडक्यावर आली. सेवादासनं ती हवेतच पकडली, हिसकली आणि उजव्या हातानं फिरवली. कानशिलावर बसल्याचा आवाज डफापेक्षा मोठा आला. हंसाबाई बसली, मग आडवी झाली. तिच्या कपाळावरचा चांदीचा दागिना वाकून कातडीत शिरला आणि रक्त डोळ्यात, तोंडात, ओढणीवर. सेवादास थांबला नाही. दुसरी तिच्या खांद्यावर घातली. "माहे हात पाहिजे?" तो किंचाळत होता. "माहे हात पाहिजे तुमाले?"

डफ बंद पडले.

देवसिंग पहिला पोचला. त्यानं भावाच्या छातीत लाथ घातली. मग बाया आल्या, आणि आता त्या खेळत नव्हत्या. सेवादास खाली पडल्यावरसुद्धा काठ्या चालू राहिल्या. पाठ, कंबर, डोकं. एकीची काठी मोडली तर तिनं दगड घेतला. मला मोजता आलं नाही.

"बाजूले व्हा."

धरमसिंग, त्याचा बाप. सुरकुतलेला, बारीक माणूस. तांड्यात सगळ्यात चांगला डफ तोच वाजवायचा, आणि सेवादासची बोटं धरून ठेका त्यानंच शिकवला होता. बाया बाजूला झाल्या. त्यानं पोराच्या केसांना धरून त्याला खुंट्यापर्यंत ओढत नेलं.

"कोण्या हातानं हानलं?"

सेवादासनं दोन्ही हात परत काखेत घातले.

"कोण्या हातानं?"

"उजव्या."

धरमसिंगनं तो हात खुंट्यावर आडवा धरला. फडकं सोडून टाकलं, घडी घालून खांद्यावर ठेवलं. मग काठी घेतली. पहिल्या वाराला सेवादास नुसता हुंदकला. दुसऱ्याला मनगट भलतीकडे वळलं आणि तो जो ओरडला त्यानं खुंट्याजवळची कोंबडी उडाली.

धरमसिंगनं काठी राखेत फेकली. "नायक," तो म्हणाला, "बापानं शिक्षा केली. आता नसाब बसवायचं काम नाई."

नसाब म्हणजे त्यांची पंचायत. बाईवर होळीत हात उचलला म्हणून पंचायतीनं पोराला तांड्याबाहेर काढलं असतं. एका गुन्ह्याला दोन शिक्षा नाहीत. धरमसिंगनं हात देऊन पोरगा ठेवून घेतला होता.

डोंगरसिंग पांढरे पडले होते. "धरमा, म्या नसाबाचं तं काई म्हटलंच नोतं," ते म्हणाले. "खेळच होता."

*

दोघांना एकाच बैलगाडीत घालून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. देवसिंग गाडी हाकत होता, मागे वळून बघत नव्हता. हंसाबाईच्या डोक्याला पागोट्याचा तुकडा बांधलेला, मांडीवर पोरगं दूध पीत होतं. सेवादास समोर, हात दोन फळ्यांत. मी मागच्या बाजूला पाय सोडून बसलो होतो.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काहून हानलं रे मले?"

"तुम्ही मनगट फोडणार होते. नायकानं सांगतलं होतं तुले."

"कोण म्हने?"

सेवादासनं माझ्याकडे पाहिलं. हंसाबाईनंही. देवसिंगनं बैल थांबवले.

"मी चेष्टा केली होती," मी म्हणालो. "भांडी... रोज मीच घासत होतो."

सेवादासनं डाव्या हाताची मूठ माझ्या तोंडावर घातली. मी गाडीतून मागे रस्त्यावर पडलो. तो माझ्या अंगावर उतरला, गुडघा गळ्यावर ठेवला आणि एका हातानं मारत राहिला. माझा पुढचा दात घशात गेला. देवसिंग बघत होता. सोडवायला कोणी आलं नाही.

मग गाडीतून हंसाबाई म्हणाली, "सोड त्याले."

"काहून सोडू?"

"आपला नाई थो. होळीत कोराले मारत नाईत."

कोर म्हणजे तांड्याबाहेरचा. सेवादासनं गुडघा काढला. गाडी निघाली. मी रक्त थुंकत मागून चालत आलो, चार कोस.

संध्याकाळी विमलताई दवाखान्यात आल्या. ओलं प्लास्टर बघितलं. "फार दुखतंय का रे?" त्यांनी विचारलं. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांनी माझ्याकडे हात केला. "खोलीची किल्ली दे. ढोलकी न्यायची आहे, बस सुटेल." ढोलकी नेली, आणि आधी वाजवायचा तोच म्हातारा बरोबर नेला. वसतिगृहातली जागा पुढे वर्ध्याच्या कोणा पेटीवाल्या मुलाला मिळाली असं ऐकलं.

*

रविवारी उजाडताना मी डब्यात भात घेऊन गेलो. सेवादास जागा होता. तोंड सुजून काळं झालेलं, एक डोळा बंद. मिशन कंपाउंडातली घंटा ऐकू आली. नागपूरला न गेलेले चार लोक तिथं जमले असणार.

त्यानं माझ्या हातातला डबा घेतला, भात थाळीत उलटा केला आणि रिकामा डबा पालथा खाटेवर ठेवला. डाव्या हातानं घुमणारी बाजू धरली. धुम्. मग मोकळी जागा. पुन्हा धुम्. उजव्या हाताच्या जागी प्लास्टर नुसतं उचलत होतं आणि पडत होतं.

"बस इथं," तो म्हणाला. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते. "उजव्या हाताचं तू मार."

"मले येत नाई लेका."

"मार."

मी मारलं. चुकलं. त्यानं डाव्या हातानं माझ्या कानाखाली वाजवली आणि तोच हात परत डब्यावर, ताल न सोडता. मी पुन्हा मारलं. पुन्हा चुकलं. पुन्हा बसली. पहिलं कडवं होईपर्यंत अकरा. शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला होता.

व्हरांड्यापलीकडे बायकांच्या वॉर्डाच्या दारात हंसाबाई येऊन उभी राहिली, पोराला खांद्यावर घेऊन. पट्टीत अर्धं तोंड बांधलेलं.

"हळू हानून राह्यला तू," ती दिराला म्हणाली. "जरा जोरानं हान त्याले."

मी हात डब्यावर ठेवला.