मिस्त्री मार्चपर्यंत आहेत

घरात तिला सगळे टेप म्हणत. लहानपणी एखादा विषय डोक्यात शिरला की तिची टेप सुरू व्हायची आणि पानं उचलली तरी थांबायची नाही, म्हणून हे नाव पडलं. पुढे ती आर्किटेक्ट झाली, पर्समध्ये खरीखुरी टेप घेऊन हिंडायला लागली, तेव्हा ते कायमचंच चिकटलं.

सत्ताविसाव्या वर्षी तिच्या डोक्यात शिरला तो जुन्या इमारतींच्या जतनाचा विषय. त्याला कारण घडलं होतं. ऑफिसने तिला एका जुन्या वाचनालयाची मोजणी करायला पाठवलं. अडीच महिने शिडीवर चढून, छपराखाली रांगत, पारव्यांच्या शिव्या खात तिने एकेक कमान मोजली. बावीस ड्रॉइंग्ज झाली. तिला वाटलं, दुरुस्तीसाठी चाललंय सगळं. ड्रॉइंग्ज गेली इमारत पाडणाऱ्या ठेकेदाराकडे. कुठली भिंत आधी ढकलली की छप्पर आतल्या आत बसेल, हे त्याला ठरवायचं होतं.

"कामाला आली बरं तुझी ड्रॉइंग्ज," साहेब म्हणाले. ते मनापासून कौतुकाने म्हणाले, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला.

पाडायला मदत करणारी ड्रॉइंग्ज आता काढायची नाहीत, दोन वर्षं जतनाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, असं तिने त्याच आठवड्यात घरी जाहीर केलं.

"म्हणजे शिकून झाल्यावर तू नक्की कोण होणार?" आईने विचारलं.

"जुन्या इमारती वाचवणारी."

"आणि त्या वाचवायला कोणी बोलावलं नाही तर?"

ताई आणि भावोजी त्या दिवशी घरीच होते. भावोजींना तर आयतंच सापडलं. "चुन्याचं काम शिकवतात ना तिथे? दोन वर्षं चुना लावायला शिकणार? अगं, आमच्या ऑफिसात ये, चार दिवसांत तरबेज करून सोडतो."

बाबा हसले नाहीत. ते शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते आणि कुठलाही प्रश्न आलेख कागदावर मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी तक्ता आखला. अभ्यासक्रमाची मान्यता, ग्रंथालय, शिक्षक, घरापासूनचं अंतर, पुढे मिळणारं काम. प्रत्येक रकान्याला वीसपैकी गुण. चार अभ्यासक्रमांपैकी एक घरबसल्या संगणकावर करायचा होता, तो टेपनेच खोडला. एक गेल्या वर्षी बंद पडला होता, पण त्याची वेबसाइट अजून अर्ज घेत होती. हे तिला तिसऱ्या फोननंतर कळलं. उरले दोन: मोठं विद्यापीठ आणि एक छोटी संस्था.

दोन्हीकडच्या अर्जांना साहेबांचं शिफारसपत्र हवं होतं. साहेब म्हणाले, "तूच लिही, मी सही करतो." स्वतःची स्तुती स्वतः लिहिताना तिच्या अंगावर काटा आला. साहेबांनी ते पत्र पाच आठवडे टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या दिवशी एकच शब्द बदलून परत दिलं. "जिज्ञासू"च्या जागी "आज्ञाधारक".

मोठ्या विद्यापीठाने भेटीचा दिवस दिला. विभाग एका देखण्या दगडी इमारतीत होता. ग्रंथालय असं की तिला तिथून हलवेना. विभागप्रमुख बाई हुशार होत्या. वारसा म्हणजे काय आणि तो कोण ठरवतं, यावर तासभर बोलल्या आणि एकही वाक्य फुकट गेलं नाही. पण बाई बोलत असताना टेपचं लक्ष त्यांच्या मागच्या भिंतीकडे होतं. तिथे ओळीने पोस्टर लावली होती, सगळी खालच्याच बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर. मधल्या सुट्टीत तिने एकाचा कोपरा हळूच उचलला. मागे भिंतीला लोणा लागला होता, ओलीने मीठ फुटून आलं होतं. जुन्या दगडावर कोणीतरी सिमेंट थापलं होतं आणि ते पापुद्र्यांनी सुटत होतं.

"हे?" तिने बाईंना विचारलं.

"ते देखभाल खातं बघतं. आमचा पत्रव्यवहार चालू आहे."

"कधीपासून?"

"मी यायच्या आधीपासून," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहून टेपला पुढे विचारवेना.

जिन्यात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा भेटला. तो इमारतींच्या आठवणींवर प्रबंध लिहीत होता. टेपने विचारलं, "परांचीवर चढलास का रे कधी?"

"एकदा. ग्रुप फोटोला."

पुढच्या आठवड्यात ती छोट्या संस्थेत गेली. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हातात थापी घेतलेल्या एका टोपीवाल्या म्हाताऱ्या गवंड्याचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, "हाताने शिका." वर्कशॉपला कुलूप दिसेना, पण दार उघडेना.

"बंद आहे का?" तिने ऑफिसात विचारलं.

"किल्ली मिस्त्रींकडे असते," कारकून म्हणाला.

"मिस्त्री कुठे आहेत?"

"वर्कशॉपमध्ये."

"मग दार का उघडत नाही?"

"भेट द्यायला येणारे आत येऊ नयेत म्हणून ते आतून कडी लावतात."

तिने दार वाजवलं. दहा मिनिटं वाजवलं. शेवटी फोटोतला माणूस बाहेर आला, फोटोपेक्षा बराच थकलेला. "ॲडमिशनचं ऑफिस तिकडे आहे."

"मला ॲडमिशन नकोय. चुना बघायचाय."

मिस्त्रींनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाले.

आत हौदात पाण्याखाली चुना मुरत पडला होता, लोण्यासारखा. भिंतींचे दहा-बारा नमुने उभे होते. मिस्त्री एकीकडे बोट दाखवून म्हणाले, "ओल कुठे आहे, सांग."

तिने काळपट डागावर हात ठेवला.

"तो जुना डाग, वाळलेला. इथे बघ." त्यांनी कोरड्या दिसणाऱ्या जागी बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज पोकळ आला. "गिलावा सुटलाय. पाणी ह्याच्या पाठीमागे बसलंय. डोळ्यांनी नाही दिसायचं, ऐकावं लागतं."

मग तासभर ती भिंती वाजवत राहिली. दहात सात वेळा चुकली. मिस्त्री दर वेळी "छे" म्हणायचे, एवढंच. निघताना तिच्या केसांत चुन्याची धूळ होती आणि वाचनालयाची भिंत कोसळली त्या दिवसापासून पहिल्यांदाच तिला आपण योग्य जागी उभ्या आहोत असं वाटत होतं.

"मी इथेच येणार," ती म्हणाली.

"नको येऊस."

"का?"

"मी मार्चमध्ये निवृत्त होतोय."

"पण माहितीपत्रकावर तुमचा फोटो आहे!"

"फोटो राहील," मिस्त्री म्हणाले. मग जरा मऊ झाले. "हे बघ, मोठ्या ठिकाणी जा. तिथला कागद सगळीकडे चालतो. इथल्या कागदावर तुला जुन्या इमारतीच्या अहवालावर सहीसुद्धा करता येणार नाही. मी एवढी कामं केली, एका अहवालावर माझी सही नाही. सही करणारा काम संपल्यावर यायचा."

परतीच्या वाटेवर टेपला रडू येत होतं आणि नेमकं कोणाच्या नावाने रडायचं ते कळत नव्हतं. एकीकडे भिंतीला हात न लावता सही करायला शिकवणार होते, दुसरीकडे हात लावायला शिकवून सहीला मनाई. आणि शिकवणारा माणूस मार्चपर्यंतच. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होणार. हातात आठ महिने.

जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. निवड झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वेबसाइटवर "होय" किंवा "नाही" कळवायचं. संस्थेची यादी लागणार होती सोमवारी.

शुक्रवारी सकाळी तिने विद्यापीठात फोन केला. "मला फक्त तीन दिवस जास्त हवेत."

"वेबसाइटवर कळवा."

"वेबसाइटवर होय आणि नाही, एवढीच दोन बटणं आहेत."

"मग त्यातलं एक दाबा."

"तिसरं काही करता येतं का, म्हणून तर फोन केला."

"त्यासाठी वेबसाइट बघा, मॅडम."

मग संस्थेत फोन केला. "यादी तयार असेल ना? माझं नाव आहे का, एवढंच सांगा."

"यादी तयार आहे. पण सोमवारी लागेल."

"तुमच्या समोर आहे का?"

"समोरच आहे. पण आज शुक्रवार आहे."

तिने फोन सोफ्यावर आपटला. तक्ता घेऊन बाबा शेजारी येऊन बसले. विद्यापीठाला एक्क्याऐंशी गुण होते, संस्थेला चौपन्न.

"बाबा, ह्यात मिस्त्रींचा रकाना नाही."

बाबांनी पट्टी घेतली आणि रकाना आखला. चेष्टा म्हणून नव्हे, अगदी गंभीरपणे. "किती गुण देऊ?"

"वीसपैकी वीस."

"पण माणूस दोन वर्षांतले आठच महिने आहे ना. त्या प्रमाणात धरावे लागतील." त्यांनी हिशेब केला. "एकसष्ट होतात. तरीही वीस कमी पडतात, बाळ."

"मला दिसतंय, बाबा!" ती ओरडली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दारातच थांबली. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. आवाज चढवल्याबद्दल तिला लाज वाटली, पण माफी मागायलाही डोकं ठिकाणावर नव्हतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने "नाही" दाबलं. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. आई फक्त म्हणाली, "सोमवारी नाव नसलं तर?"

सोमवारी यादी लागली. तिचं नाव होतं, प्रतीक्षा यादीत, दुसऱ्या क्रमांकावर.

संध्याकाळी भावोजींचा फोन आला. "मग? कोर्स सुरू व्हायच्या आधीच लागला की चुना!" तिने फोन ठेवून दिला. पुढचे वीस दिवस घरात तिच्याशी कोणी धड बोलू शकत नव्हतं. पंखा आवाज करतो म्हणून ती पंख्यावर चिडली, बाबा पावलं न वाजवता चालतात म्हणून बाबांवर. ऑफिसात साहेबांनी तिच्यापुढे आणखी एका जुन्या इमारतीची मोजणी ठेवली. ती नाही म्हणाली. "आज्ञाधारक" हा शब्द साहेबांनी जपून वापरायला हवा होता.

एकविसाव्या दिवशी संस्थेतून फोन आला. यादीतली दोन मुलं गळाली होती. दोघांनाही ऐन वेळी विद्यापीठात जागा मिळाली होती. त्यातली एक जागा बहुधा तिनेच सोडलेली.

ऑगस्टच्या पहिल्या सकाळी ती वर्कशॉपमध्ये गेली. मिस्त्रींनी तिला पाहिलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उडाली. "तू? तुला काय सांगितलं होतं मी?"

"ऐकलं होतं मी."

"ऐकलं असतंस तर इथे दिसली नसतीस!" ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बाकीच्यांना दाखवत, आणि तिची पाळी आली की हात पुसायला जात.

त्यात वेळापत्रक आलं. पहिला महिनाभर ओळखवर्ग. नंतर मिस्त्रींचा तास आठवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी. तिने कॅलेंडरवर मोजलं. तीस गुरुवार, त्यात चार सुट्टीचे. ती संचालकांकडे गेली. ते म्हणाले, सिद्धांताचा पाया आधी भक्कम हवा. ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच वर्कशॉपच्या दाराशी उभी राहिली, कारण हौदातलं पाणी बघायला मिस्त्री त्या वेळेला येत, हे तिने हेरून ठेवलं होतं.

"वर्ग नाही आत्ता," मिस्त्री म्हणाले.

"म्हणूनच आले."

त्यांनी तिला चाळण दिली. पंधरा दिवस तिने नुसती वाळू चाळली. मग वर्गातले आणखी चौघे सकाळी यायला लागले. मार्चपर्यंत तिने तीन भिंतींना गिलावा केला. पहिली आठवड्यात फुगली. दुसरी तडकली, आणि तेव्हा मिस्त्री इतके ओरडले की वरच्या मजल्यावरचा सिद्धांताचा तास थांबला. तिसरी टिकली. मिस्त्रींनी ती सगळीकडून वाजवून बघितली आणि दर वेळी म्हणायचे ते "छे" म्हणाले नाहीत.

मार्चअखेर निरोप झाला. संचालकांचं भाषण, एक भिंतीवरचं घड्याळ. नव्या माणसाची प्रक्रिया सुरू आहे, असं सांगितलं गेलं. एप्रिल गेला. हौदातलं पाणी आटायला लागलं, ते ही पाच मुलं पाळीपाळीने भरू लागली. मे महिन्यात टेपला नियमावलीत पाहुण्या व्याख्यात्याची तरतूद सापडली. ती मिस्त्रींच्या घरी गेली. ते व्हरांड्यात बसून कंटाळले होते.

"नाही जमायचं," ते म्हणाले. "त्या अर्जात पदवी विचारतात."

"अर्ज मी भरते. तुम्ही फक्त सही करा."

"सही?" मिस्त्रींनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि पेन मागितलं.

तिने शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात त्यांच्या कामाची वर्षं लिहिली. कारकुनाने अर्ज परत केला. "इथे पदवी लिहायची असते, मॅडम."

तिने दुसरा अर्ज भरला आणि सोबत मिस्त्रींनी दुरुस्त केलेल्या त्रेचाळीस इमारतींची यादी जोडली. तोही परत आला. यादी जोडायला जागा नव्हती. तिसऱ्या अर्जावर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन ती खिडकीशी उभी राहिली.

"हे कशात बसवू मी?" कारकून वैतागून म्हणाला.

"ते तुम्ही ठरवा," टेप म्हणाली. "मी पोच घेतल्याशिवाय हलणार नाही."

तिच्या मागे रांग वाढत चालली होती. कोणीतरी "अहो, आटपा" म्हणालं. तिने मागे वळून पाहिलं नाही. खूप वेळ कागद उलटसुलट करून कारकुनाने शेवटी शिक्का उचलला.

"पोच देतोय. मंजुरी नव्हे."

"कळलं मला," ती म्हणाली आणि पोच घेऊन हौदात पाणी सोडायला गेली.