चाफा झोपलाय

एबर्लेंचा चाफा जानेवारीतच मेला.

आता हे वाक्य विसरा. जर्मनीत एसलिंगेनमधल्या आमच्या इमारतीत सगळ्यांनी ते विसरायचं ठरवलं आहे, आणि मी तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. जास्त लक्षात ठेवणं मला परवडत नाही.

तर, चाफा झोपला होता. हिवाळ्यात त्याची पानं झडतात आणि कुंडीत उरतो एक राखाडी दांडका. झोपलेला आणि मेलेला चाफा अगदी सारखे दिसतात. रविवारी दुपारी आमची अख्खी गल्लीही तशीच दिसते. निवृत्त बसचालक एबर्ले दर ऑक्टोबरात ती कुंडी जिन्यातल्या खिडकीशी आणून ठेवत. तिथे उजेड भरपूर, ऊब बेताची. पाणी थेंबभरही नाही.

जानेवारीतल्या त्या आठवड्यात जिना झाडायच्या पाळीची पाटी शेजारच्या हेफेले बाईंच्या दाराला लागली होती. पाटी आली की जिना झाडायचा, पुसायचा आणि खिडकी सताड उघडून हवा खेळवायची. बाईंनी हवा अशी खेळवली की खिडकी लावायचं विसरून त्या झोपल्या. सकाळी कुंडीत बर्फ.

"खून केलात, बाई! मारलंत त्याला!" एबर्ले गरजले.

"अहो, जिना तुमच्या बुटांनी घाण मारत होता!"

"हळू बोला. झोपलाय तो."

"आत्ताच म्हणालात ना मेला म्हणून?"

"कोण म्हणालं?"

तिथून पुढे ती दोघं हिवाळाभर कुजबुजत भांडली. एबर्लेंची मान लालबुंद, मुठी आवळलेल्या, आणि आवाज पाळण्याशी बोलावं तसा. "आग लागो तुमच्या त्या स्वच्छतेला." बाईही तितक्याच हळुवारपणे, "लागू दे. तुमचा दांडका जळणाला होईल." पोस्टमन चवड्यांवर चालायला लागला. मी जिन्यात शिंकलो तर दोघांनी मिळून मला झापलं, तेसुद्धा कुजबुजत.

एकदा मी म्हटलं, "काका, नवा आणा की. रोपांच्या दुकानात मिळतो."

बस चालू असताना चालकाशी बोलणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हा लोरेने आणलाय. मदेरा बेटावरून. माझ्या मोज्यात गुंडाळून."

लोरे म्हणजे त्यांची बायको. ती वारलेली नाही. ती उल्मला एका दातांच्या डॉक्टरबरोबर राहते, आणि एबर्लेंच्या मते हे जास्त वाईट. पण दर ऑगस्टात चाफा फुलला की एबर्ले फोन करतात आणि ती येते. अंगणातल्या बाकावर बसते, फूल हुंगते, आलुबुखाराचा केक खाते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. फूल नसेल तर तिला यायला दुसरं कारण नाही. यांना बोलवायलाही नाही.

मेच्या मध्यावर थंड सोफीचा दिवस येतो, थंडीच्या शेवटच्या तडाख्याचा. ही संत सोफी मोठी खडूस. ती जाईपर्यंत इथे कोणी नाजूक झाड बाहेर काढत नाही. पण ती गेली की झाडाला झोपायला सबब उरत नाही. त्या सकाळी एबर्लेंनी कुंडी उचलली. हेफेले बाईंनी न सांगता दार धरलं. अंगणात इतरांच्या कुंड्या आधीच पालवून उभ्या होत्या.

बाईंनी दांडक्याला बोट लावलं. बोट आत गेलं, पिकल्या केळ्यात जावं तसं.

"एबर्ले," त्या कुजबुजल्या, "अहो, हा तर..."

"झोपलाय!"

हिवाळाभर कोंडलेला आवाज एकदम सुटला. छपरावरची कबुतरं उडाली. मग एबर्लेंनी खिशातून रुमाल काढला, बाईंचं बोट नीट पुसलं, कुंडी उचलली आणि ते पुन्हा जिना चढायला लागले.

दुसऱ्या दिवशी झाडलोटीच्या पाटीशेजारी एक कागद लागला. खाली दोन सह्या होत्या. दुसरी हेफेले बाईंची. वर मजकूर असा:

"इमारत व्यवस्थापनास सविनय विनंती. यंदाचा थंड सोफीचा दिवस ग्राह्य धरू नये व तो चाफ्याच्या सोयीने पुढे ढकलावा. त्या अनुषंगाने ऑगस्ट महिनाही तितकाच पुढे ढकलण्यात यावा, व तसे उल्म येथे परस्पर कळवावे."